मिठाची दुसरी मूठ

कुंभकोणमच्या विठ्ठल मठात येणाऱ्या सगळ्यांना मराठी येतं, असा एक जुना आणि फार लाडका समज आहे. येतं म्हणजे बोलता येतं. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी पूर्वज तंजावरकडे उतरले, त्यांनी आणलेली भाषा घराच्या उंबऱ्याआत टिकली. उंबऱ्याबाहेर शाळा तमिळ, बाजार तमिळ, भांडणसुद्धा तमिळ. अभंग म्हणायचे तेही तमिळ अक्षरांत उतरवलेल्या वह्या पाहून. बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षर वाचणारी माणसं मठात दोन-चार, आणि तीही बोट ठेवून वाचणारी. पण हे कबूल कोण करणार? जनगणना असो की रेशनकार्ड, ‘मातृभाषा’ हा रकाना दिसला की हे लोक छाती काढून ‘मराठी’ लिहितात.

त्या छातीनंच यंदा घात केला.

चेन्नईच्या एका वैद्यकीय विद्यापीठाची मोठी चाचणी होऊ घातली होती. साखरेच्या आजारात पायाला जखम होते आणि महिनोन् महिने भरत नाही, तिच्यावरचं नवं मलम. देशभरात आठ केंद्रं निघायची होती आणि त्यांतलं एक कुंभकोणमला मिळावं म्हणून सुप्रजानं जंग जंग पछाडलं होतं. सुप्रजा याच मठात लहानाची मोठी झाली, आता विद्यापीठात डॉक्टर. केंद्र गावात निघालं तर दर आठवड्याला डॉक्टर इथे येणार, जखम बघणार, पट्टी करणार. नाही निघालं तर चाळीस किलोमीटरवर तंजावर, आणि दुखऱ्या पायाची माणसं बसच्या पायऱ्या चढून कितीदा जाणार? केंद्रासाठी अट एकच होती. गावातून किमान वीस जण तयार हवेत, आणि ते समजून उमजून तयार झालेले हवेत.

नावं आली बावीस. त्यांत एक मुकुंदरावांचं.

मुकुंदरावांनी तिरुभुवनमच्या विणकर सोसायटीत चाळीस वर्षं रेशमी साड्या उलगडून दाखवल्या. गिऱ्हाईकाला ‘नाही’ म्हणायचं नाही आणि मालात खोट सांगायची नाही, ही दोन व्रतं त्यांनी नोकरी सुटल्यावरही सोडली नव्हती. गेल्या वर्षीच्या वैशाखात ते पट्टीश्वरमच्या देवळात भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालून आले. घरात शिरले तसे फरशीवर ओले डाग उमटत गेले. बायकोनं, मीनाक्षीबाईंनी, विचारलं, “अहो, पायास काय झालें?” तर म्हणाले, “कांहीं नाहीं गे, बरेंच आहे.” तळवा भाजून सोलला होता आणि साखरेनं बधिर झालेल्या त्या पायाला पत्ताच नव्हता. ती जखम वर्ष उलटून गेलं तरी मिटली नव्हती. तंजावरच्या डॉक्टरांनी शेवटच्या खेपेला स्पष्ट सांगितलं होतं की हाडापर्यंत गेली तर पायाचा पुढचा भाग काढावा लागेल. मुकुंदरावांनी त्यावरही ‘बरं’ म्हटलं होतं. मीनाक्षीबाईंना मात्र तेव्हापासून घास गोड लागत नव्हता. केंद्र गावात यावं असं बावीस जणांना वाटत होतं, पण बाईंच्या जिवाची दोरी तर त्यालाच बांधलेली होती.

ज्येष्ठात मठात बैठक भरली. बावीसच्या बावीस जणांनी नावनोंदणीत मातृभाषा ‘मराठी’ लिहिलेली, म्हणून विद्यापीठानं नियमाला जागून पुण्याहून खास मराठी संमतिपत्र करून आणलं. अकरा पानं. त्यात ‘यादृच्छिक वाटप’ होतं, ‘प्रतिकूल घटना’ होत्या, ‘औषधसदृश निष्क्रिय द्रव्य’ होतं. पुण्यातला माणूससुद्धा एकदा पाणी पिऊन मग वाचील असा तो कागद. इथे तो बावीस जणांनी हातात घेतला, चष्मे पुसले, माना डोलावल्या. प्रत्येकाला वाटलं, शेजाऱ्याला वाचता येतंय. बाविसांतल्या म्हाताऱ्या गोदानं तर उलटा धरलेला कागद पाच मिनिटं वाचला. मग दहा मिनिटांत धडाधड सह्या झाल्या. आणि बाळबोध वाचता येतं अशी ख्याती असलेल्या मीनाक्षीबाईंनी साक्षीदार म्हणून सगळ्यांखाली सही ठोकली, नवऱ्याच्याही.

त्या दिवशी विद्यापीठाच्या नैतिकता समितीचे अध्यक्ष जयकुमार मागच्या बाकावर बसले होते. निवृत्त जिल्हा न्यायाधीश. उंच, किडकिडीत, आणि चेहऱ्यावर कधीच निकाल न दाखवणारे. ते उठले आणि पुढच्याच माणसाला, म्हणजे मुकुंदरावांना, तमिळमध्ये विचारलं, “या कागदात काय लिहिलंय?”

“सगळं चांगलंच लिहिलंय, सर,” मुकुंदराव म्हणाले.

“तुम्हाला कुठलं औषध मिळणार?”

“तुम्ही द्याल ते, सर. उत्तमच असणार.”

न्यायाधीशांनी कागद गोळा करून सुप्रजाच्या हाती दिले. “हे कोर्टात असतं तर मी फाडून टाकलं असतं. बावीस माणसं, अकरा पानं, दहा मिनिटं, आणि प्रश्न एकही नाही. ही संमती नव्हे.” मग ते मीनाक्षीबाईंकडे वळले. “तुम्ही साक्षीदार. एक तर स्वतःच्या यजमानांच्या सहीला साक्षीदार होता येत नाही. दुसरं, तुम्हाला तरी काय कळलं?”

पुढच्या रांगेत रुक्मिणीबाई बसल्या होत्या, मठाच्या स्वयंपाकघराच्या कारभारीण, आणि त्यांचे डोळे आतापासूनच चमकायला लागले होते. ‘थोडंफार’ म्हणावं असं मीनाक्षीबाईंच्या फार मनात आलं. पण समोर माणूस न्यायाधीश आणि मागे भिंतीवर विठोबा.

“काही नाही कळलं,” त्या तमिळमध्ये म्हणाल्या. “एक ओळसुद्धा नाही.”

“आज सकाळपासून ऐकलेलं हे पहिलं खरं वाक्य,” जयकुमार म्हणाले. “तीन आठवडे देतो. हा कागद तुम्हाला कळेल असा करून आणा. डॉक्टर तुमच्यापाशी बसतील. मग मी येईन आणि एकेकाला विचारीन. नाहीच जमलं, तर केंद्र दुसऱ्या गावी जाईल.”

घरी येताना रुक्मिणीबाईंनी गाठलंच. “मीनाक्षी, सही करतांना तरी एकदांच केलीस ना गे? नाहीं, तुझी सवय ठाऊक आहे म्हणून विचारतें.”

हा टोमणा एकोणतीस वर्षं जुना होता. एकोणतीस वर्षांपूर्वीच्या गोकुळाष्टमीच्या पारण्याला मठाचा स्वयंपाक तरुण मीनाक्षीबाईंच्या हाती प्रथमच आला होता. सोवळ्याचा स्वयंपाक, ज्याला इथे ‘मडी’ म्हणतात. मडीत एक नियम मोडता येत नाही. देवाला नैवेद्य दाखवेपर्यंत कुणी चव घ्यायची नाही, रांधणारीनंसुद्धा नाही. चाखलं की अख्खं पातेलं उष्टं. म्हणून मीठ हाताच्या अंदाजानं घालायचं आणि ते घालणारा हात एकच असायचा. त्या दिवशी नैवेद्य झाला, पानं वाढली, आणि सव्वाशे माणसांनी सांबाराचा पहिला घास घेऊन पाण्याचे पेले उचलले. तिखट-आंबट काही कळेना, नुसतं मीठ. दोन मोठाली पातेली मागच्या अंगणात ओतली. ‘हिनें मीठ दोनदां घातलें’ असा निवाडा झाला, आणि ती ‘खारट अष्टमी’ गावात सन-शकासारखी रुजली. अमक्याचं लग्न कधी झालं, तर खारट अष्टमीच्या दुसऱ्या वर्षी. मठाची पळी बाईंच्या हातून गेली ती गेलीच. एकदाच मीठ घातल्याचं त्यांना स्वच्छ आठवत होतं, पण पातेलं खोटं कसं बोलेल? शेवटी त्यांनी स्वतःच्या आठवणीवरच अविश्वास ठेवला. अजूनही घरी दोन माणसांची आमटी करताना त्या मीठ घातलं की मोठ्यानं म्हणत, “घातलें!”

दुसऱ्या दिवसापासून सुप्रजा सकाळी सकाळी बाईंच्या स्वयंपाकघरात येऊन बसायला लागली. फिल्टरची कॉफी व्हायची, आणि मग शिकवणी. कोण कुणाला शिकवतंय हे मात्र पहिल्या दोन दिवसांत उलटंपालटं झालं.

“मामी, हें मलम आधीं उंदरांवर लावून पाहिलें,” मठातल्या थोरांना मामा-मामी म्हणत मोठी झालेली सुप्रजा सांगायची. “मग थोड्या धडधाकट माणसांस लावलें, अंगावर उठतें कां, ताप येतो कां, तें पाहावयास. मग थोड्या जखमवाल्यांस. अत्तां चारशें माणसांस लावून पाहावयाचें, आपल्या नेहमींच्या पट्टीपेक्षां हें खरेंच बरें आहे कां.”

“म्हणजे बरें आहे हें तुम्हांस ठाऊक नाहीं?”

“नाहीं, मामी. ठाऊक असतें तर पाहावयाचें कशास?”

बाई कॉफीचा दवरा, म्हणजे पेल्याखालची वाटी, हातात धरून थांबल्या. आयुष्यात ‘मला ठाऊक नाही’ म्हणणारा डॉक्टर त्यांनी पाहिला नव्हता. “मग हें पहिल्या ओळींत लिही,” त्या म्हणाल्या. “अकरा पानांत हें कोठेंहि नाहीं.”

होतं खरं तर, सातव्या पानावर होतं, पण अशा शब्दांत की असून नसल्यासारखं.

मग गाडी अडली ती वाटपाशी. निम्म्यांना नव्या मलमाची ट्यूब मिळणार, निम्म्यांना तशीच दिसणारी, तसाच वास असलेली, पण औषध नसलेली. नेहमीची पट्टी मात्र सगळ्यांना. कुणाला कुठली हे चिठ्ठी टाकल्यासारखं संगणक ठरवणार, आणि ते रोग्यालाही कळणार नाही, डॉक्टरलाही नाही.

“ही तर लबाडी,” बाई म्हणाल्या. “माझे यजमान बारा आठवडे नुसतें तूप चोळीत बसणार, आणि तुलाहि ठाऊक नाहीं?”

“मज ठाऊक झालें तर मी मामांच्या जखमेकडे प्रेमानें पाहीन. भरली नसली तरी भरल्यासारखी दिसेल. मामांस ठाऊक झालें तर तेहि ‘बरेंच आहे’ म्हणतील.”

“तें ते कसेंहि म्हणतात,” बाई पुटपुटल्या. आणि पुटपुटता पुटपुटता त्यांचा चुलीकडे गेलेला हात तसाच राहिला. “म्हणजे मडी,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“अगे, मडीचा स्वयंपाक! नैवेद्य होईपर्यंत चाखावयाचें नाहीं. रांधणारीनें नाहीं, वाढणारीनें नाहीं, जेवणारांनीं नाहीं. मध्येंच कोणी चाखलें कीं अस्कें पातेलें वायां. असेंच ना?”

सुप्रजानं एमबीबीएस केलं होतं, एमडी केलं होतं, या एका विषयावर परदेशी जाऊन भाषणं ऐकली होती. ती बाईंकडे बघतच राहिली. “असेंच, मामी. अगदीं असेंच.”

“पण कोणास सोसलें नाहीं, अंगावर उठलें, तर? तेव्हांहि चाखावयाचें नाहीं?”

“तेव्हां त्या एकट्याचा लखोटा फोडतात. त्याचें काय तें पाहून औषध देतात. इतरांचे लखोटे बंदच.”

“हें बरें आहे,” बाई म्हणाल्या. “देवहि आजाऱ्यास सूट देतो.”

त्यानंतर काम सपाट्यानं चाललं. सुप्रजा सांगायची, बाई “नाहीं कळलें” म्हणायच्या, पुन्हा सांगायची, पुन्हा “नाहीं कळलें”. एकदा तर पोरगी रडकुंडीला आली. पण बाईंना तीन आठवडे ‘नाही कळलं’ म्हणायचा हक्क न्यायाधीशांनीच दिला होता, आणि आयुष्यभर ‘कळलं कळलं’ म्हणत आलेल्या बाईला एवढा हक्क मिळाल्यावर ती तो काटकसरीनं कशाला वापरील? सातव्या खेपेला कागद उभा राहिला. दोन पानं. भाषा घरातली, अक्षरं तमिळ, म्हणजे मठातल्या कुणालाही वाचता येतील अशी. पहिली ओळ होती: “हें मलम चांगलें कां कुचकामाचें, अजून कोणासहि ठाऊक नाहीं, तें ठाऊक करून घ्यावयासीच तुम्हांस बोलाविलें आहे.” आणि शेवटची: “तुम्ही नको म्हणलेत तर कोणीहि रागें भरणार नाहीं. मध्येंच नको म्हणलेत तरी नाहीं. तुमची नेहमींची पट्टी चालूच राहील.”

ती शेवटची ओळ लिहिताना बाईंनी मनात हिशेब केला. ‘नको’ म्हणणारे तिघं निघाले तर एकोणीस उरतील आणि केंद्र जाईल. ही ओळ जरा बारीक अक्षरात लिहावी असा मोह त्यांना झाला, हे कबूल करायला हवं. पण त्यांनी ती सगळ्यांत मोठी लिहिली.

मुकुंदराव हे सगळं ओसरीवरून ऐकत होते. गुडघ्याला तेल चोळत ऐकत होते. इन्नंबूरच्या वैद्याचं हे गुडघ्याचं तेल बाई रोज स्वतः कोमट करून देत. ते इतके गप्प का झालेत हे बाईंना कळेना. एकदा विचारलंही. उत्तर नेहमीचंच आलं, “कांहीं नाहीं गे, बरेंच आहे.”

आषाढी एकादशी गेली आणि द्वादशीच्या सकाळी पारण्याला मठ भरला. बावीसही आले. डॉक्टरांनी उपास मना केलेले हे लोक एकादशीला फक्त फराळ करतात, म्हणजे रोजच्यापेक्षा चार पदार्थ जास्तच खातात. जयकुमार आले, कागदाचं तमिळ भाषांतर घेऊन मागच्या बाकावर बसले, आणि बाई विठोबासमोर उभ्या राहून कागद वाचायला लागल्या. एकेक ओळ वाचायची आणि थांबायचं. आज लोक बोलत होते. कुणी विचारलं, पैसे पडतील का? नाही, उलट जाण्यायेण्याचं भाडं विद्यापीठ देईल. कुणी विचारलं, पाय बिघडला तर? तर चाचणीतून काढतील आणि इलाज विद्यापीठ करील. गोदानं विचारलं, “बारा आठवड्यांत नातीचें बाळंतपण आलें तर?” बाई म्हणाल्या, दोन खेपा चुकल्या तर तुझी जखम मोजता येणार नाही. गोदानं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग मज नको.”

एकवीस. बाई म्हणाल्या, “सरि, असूं दे. कोणी रागें भरणार नाहीं.”

मग आलं ते सगळ्यांत अवघड. चाचणी चालू असताना चोरून दुसरं काही लावायचं नाही, आणि आधीपासून लावत असाल तर लपवायचं नाही. याला उदाहरण एकच होतं आणि ते कुठलं हे बाईंना आठवड्यापासून ठाऊक होतं. त्यांनी कागद खाली ठेवला.

“तुम्हां अस्क्यांस खारट अष्टमी ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. मठात एकदम हशा उसळला. रुक्मिणीबाईंनी तर पदर तोंडाला लावला. बाईंचे कान लाल झाले, पण त्या थांबल्या नाहीत. “त्या दिवशीं माझ्या हातून मीठ दोनदां पडलें. कसें पडलें तें मज आजवर कळलें नाहीं. पण दुसरी मूठ पडली आणि सांबार कसें होतें, डाळ चांगली कां वाईट, चिंच जुनी कां नवी, कांहींच कोणास कळेना. तसेंच हें. तुम्ही चोरून दुसरें कांहीं लावलेंत तर जखम भरली कशानें आणि चिघळली कशानें, हें कोणासहि कळणार नाहीं. तुमचें तर जाईलच, चारशें जणांचें पातेलें नासेल. मजसारखें करूं नका.”

हशा विरला. जयकुमार उठून पुढे आले आणि एकेकाला तमिळमध्ये विचारायला लागले. तुम्हाला काय मिळणार? “ठाऊक नाही. मलम मिळेल की नुसतं तूप.” डॉक्टरांना ठाऊक असेल? “नाही. नैवेद्य झाल्यावर.” मध्येच सोडायचं असेल तर? “सोडू.” एक, दोन, पाच, अकरा. सगळ्यांना येत होतं. पण बाराव्यापाशी न्यायाधीशांची भुवई चढायला लागली. वीस माणसं तीच उत्तरं, त्याच शब्दांत देत होती.

“डॉक्टर,” ते सुप्रजाला म्हणाले, “हे मला पाठ केलेलं वाटतंय. अभंग पाठ असतात तसं. समजलंय हे मी कशावरून धरू?”

सुप्रजाचा चेहरा उतरला. एवढं करून शेवटी पाठांतर म्हणूनच जाणार का? आता एकच माणूस राहिला होता, आणि तो म्हणजे कुणालाही ‘बरंच आहे’ म्हणणारा.

मुकुंदराव खुर्चीचा हात धरून उठले. दुखरा पाय टेकला नाही, एका पायावर उभे राहिले.

“सर, माझं नाव काढून टाका,” ते तमिळमध्ये म्हणाले. “मी चालणार नाही.”

बाईंना वाटलं आपल्या कानात काहीतरी बिघडलंय.

“मी इन्नंबूरच्या वैद्यांचं तेल लावतो. गुडघ्याला म्हणून घेतो आणि गुपचूप जखमेत घालतो. पाच महिने. पट्टी सोडायची, तेल घालायचं, पट्टी तशीच बांधायची. तंजावरच्या डॉक्टरांना सांगितलं नाही, हिलाही नाही. जखम आज जशी आहे ती साखरेनं आहे, पट्टीनं आहे की तेलानं आहे, कुणाला सांगता येणार नाही. मला घेतलंत तर मी मिठाची दुसरी मूठ आहे, सर. चारशे जणांचं पातेलं माझ्यापायी नासायला नको.”

मुकुंदराव अजून बसत नव्हते. त्यांनी बायकोकडे पाहिलं, आणि मग तमिळ सोडून घरच्या बोलीत आले.

“आणि मीनाक्षी, ती मूठहि माझीच. अष्टमीची. नैवेद्याआधीं तूं पुन्हां आंघोळीस गेली होतीस. मज वाटलें तूं मीठ विसरलीस, नवी आहेस, अस्के नांवें ठेवतील. म्हणून मी हळूच जाऊन घातलें. मग एवढें झाल्यावर बोलावयाचें धैर्य झालें नाहीं. एकोणतीस वर्षें नाहीं झालें.”

एकोणतीस वर्षं! बाईंच्या डोळ्यांपुढे ती दोन पातेली आली, मागच्या अंगणात ओतलेली. स्वतःच्या हातावरचा उडालेला विश्वास आला, दोन माणसांच्या आमटीत ‘घातलें!’ म्हणणारा स्वतःचा आवाज आला. संताप असा उसळला की त्या खांबाला धरून उभ्या राहिल्या. आणि त्या संतापाच्या बुडातून, कुठून कोण जाणे, हसू फुटलं. आधी बारीक, मग मोठं, मग आवरेना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि बाई विठोबासमोर खदखदा हसत होत्या.

“ऐकलेंत कां, रुक्मिणीअक्का?” त्या म्हणाल्या. “मी एकदांच घातलें होतें! एकदांच!”

रुक्मिणीबाई उठल्या, कमरेच्या कनवटीतून स्वयंपाकघराच्या किल्ल्या काढल्या आणि सगळ्यांदेखत मीनाक्षीबाईंच्या हातात ठेवल्या. “यंदाची अष्टमी तूं रांध,” एवढंच म्हणाल्या. माफी मागायची त्यांची ही रीत, आणि ती पुरेशी होती.

जयकुमारांना मराठी येत नव्हतं. सुप्रजानं त्यांच्या कानाशी लागून तमिळमध्ये सगळं सांगितलं. त्या चेहऱ्यावर निकाल दिसलेला मठानं पहिल्यांदा पाहिला. “तीस वर्षं मी साक्षी ऐकल्या,” ते म्हणाले. “पाठ केलेला माणूस स्वतःच्या विरुद्ध साक्ष देत नाही. या गृहस्थांना समजलंय. आणि त्या बाईंनी नातीचं बाळंतपण आहे म्हणून नको म्हटलं, त्यांनाही समजलंय. दोन जण नको म्हणाले म्हणून उरलेल्या विसांचं हो मी खरं धरतो.” मग ते कागदाकडे बोट करून म्हणाले, “हीच दोन पानं विद्यापीठात जातील. बाकीच्या सात केंद्रांनी आपापल्या भाषेत असंच करावं असं मी लिहिणार आहे.”

वीस. बरोबर वीस. मठात टाळांचा असा गजर झाला की शेजारच्या भांडीवाल्याला वाटलं आरती आहे, आणि तो चपला काढून आत आला.

पुढचं थोडक्यात. तेलाची बाटली बाईंनी त्याच दिवशी अंगणात ओतली, जिथे सांबार ओतलं होतं तिथेच. मुकुंदरावांशी त्या तीन दिवस बोलल्या नाहीत. एकोणतीस वर्षांना तीन दिवस म्हणजे काहीच नाही. सुप्रजानं सांगितलं की चार आठवडे नुसती पट्टी, तेल नाही, खोटं नाही, आणि मग इच्छा असेल तर पुन्हा तपासून घेता येईल. चार आठवड्यांनी मुकुंदराव आपण होऊन गेले. दोन पानं वाचली, सात प्रश्न विचारले, त्यांतला एक इतका किचकट होता की सुप्रजाला चेन्नईला फोन करावा लागला. मग सही केली. बाई बाहेर बाकावर बसल्या होत्या. साक्षीला रुक्मिणीबाई होत्या, आणि मुकुंदरावांनी सगळं स्वतःच्या तोंडानं सांगेपर्यंत त्यांनी पेन उचललं नाही.

अष्टमीच्या पारण्याला मीनाक्षीबाईंनी सव्वाशे पानांचा स्वयंपाक केला. सांबारात मीठ घातलं आणि सवयीनं तोंड उघडलं, पण ‘घातलें’ काही म्हणाल्या नाहीत. नैवेद्य झाला, पानं वाढली, पहिला घास गेला. कुणीही पाण्याचा पेला उचलला नाही. दुसऱ्यांदा सांबार मागणाऱ्यांत रुक्मिणीबाई पहिल्या होत्या.

मुकुंदरावांचा आता सहावा आठवडा चालू आहे. कुठली ट्यूब मिळाली, औषधाची की तुपाची, हे त्यांना ठाऊक नाही, बाईंना ठाऊक नाही, सुप्रजालाही ठाऊक नाही. नैवेद्य व्हायचाय. पण या खेपेला मीठ एकदाच पडलंय, एवढं मात्र सगळ्या कुंभकोणमला ठाऊक आहे.